पाण्याला उतार

आमच्या गावात विहिरीचं पाणी वरून खाली मोजतात. पाणी किती आहे असं कुणी विचारत नाही. पाणी किती खाली गेलंय, असं विचारतात. आकडा मोठा झाला की पाणी कमी झालं. लहानपणापासून हेच ऐकत आल्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. पुढे नोकरीच्या निमित्ताने मी समुद्राच्या पाण्याची उंची मोजायला लागलो, तेव्हा ही सवय माझ्यासोबत तिथवर आली आणि तिने समुद्राचं अख्खं वर्ष उलटं करून ठेवलं.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, पैनगंगेवरच्या मोठ्या धरणाच्या काठाला आहे. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आई-वडिलांपैकी कुणी शाळेत गेलेलं नाही. वडिलांना मी आबा म्हणतो आणि आईला माय. गावातली शाळा संपवून मी कळमनुरीला आणि तिथून हिंगोलीच्या कॉलेजात गेलो. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोली जिल्हा पुढे झाला. वसतिगृहात जागा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी एम.एस्सी.चा अर्ज स्वतः आणून माझ्या हातात दिला, नाहीतर बी.एस्सी.च्या पुढे काही असतं हेही मला कळलं नसतं. मी आज जो काही आहे त्यात माझ्या हुशारीपेक्षा अशा माणसांचा वाटा मोठा आहे, आणि हे लिहायची संधी मिळेल तिथे मी लिहितो.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मला किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहायकाचं तात्पुरतं काम मिळालं. काम असं होतं. एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो आणि खाली समुद्राकडे रडारच्या लहरी सोडतो. त्या पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रह आणि पाणी यांच्यातलं अंतर कळतं. उपग्रह स्वतः किती उंचीवर आहे हे ठाऊक असतं. त्या उंचीतून हे अंतर वजा केलं की पाण्याची उंची उरते. दर दहा दिवसांनी तो पुन्हा त्याच रेषेवरून जातो, म्हणून प्रत्येक जागेचं पाणी वर्षभर कसं वरखाली होतं ते समजतं. त्यातून भरती-ओहोटी, लाटा, हवेचा दाब यांचा भाग गणिताने काढून टाकायचा. मग राहतो तो ऋतूंचा चढ-उतार. तो असतो केवढा, तर जेमतेम वीतभर. आकाशात शेकडो कोसांवरून वीतभर पाणी मोजता येतं, यावर माझा पहिले काही दिवस विश्वासच बसला नाही.

माझ्याकडे अरबी समुद्राचा भाग दिला होता. सगळ्या वर्षांचे जानेवारी एकत्र करायचे, सगळे जून एकत्र करायचे, अशी सरासरी काढून एका वर्षाची एक रेघ तयार करायची. दक्षिणेकडच्या पश्चिम किनाऱ्यालगतची रेघ काढली तर ती पावसाळ्यात खाली गेलेली आणि हिवाळ्यात वर आलेली. मी पाहिलं आणि मला खात्री पटली की कुठेतरी चुकलंय. पावसाळ्यात पाणी खाली कसं जाईल? श्रावणात धरण चढतं, विहीर चढते, ओढे चढतात. मी असा निष्कर्ष काढला की वजाबाकी करायची राहिलीय आणि हे नुसतं उपग्रहापासूनचं अंतर आहे, आमच्या विहिरीसारखं, वरून खाली मोजलेलं. म्हणून सगळ्या आकड्यांची चिन्हं उलटी केली. रेघ पावसाळ्यात वर आली. मला समाधान वाटलं आणि पुढचे सगळे नकाशे मी तसेच केले.

प्रकल्पाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. त्या कोकणातल्या, समुद्राकाठीच वाढलेल्या, आणि कामापुरतंच बोलायच्या. त्यांनी माझे नकाशे पाहिले, कपाटातून बंदरातल्या मोजपट्टीच्या नोंदी काढल्या आणि शेजारी ठेवल्या. बंदरातलं पाणी पावसाळ्यात खाली होतं.

"पावसाळ्यात समुद्र चढतो, असं तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, कुणी सांगितलं नाही, पण आमच्याकडे धरण चढतं.

त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि कागदावर किनारा काढून मला समजावून सांगितलं. एवढ्या पाण्यावर पाऊस पडला काय आणि न पडला काय, उंचीत त्याने फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यातला वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं थंड पाणी त्या जागी वर येतं, आणि थंड पाणी कमी जागा व्यापतं, म्हणून किनाऱ्याशी समुद्र खाली बसतो. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं उबदार, कमी खारं पाणी दक्षिणेला वळसा घालून इकडे येतं आणि समुद्र फुगतो. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला पुढे फार उपयोगी पडली. वारा सगळ्यात जोरात असतो त्या दिवशी पाणी सगळ्यात खाली नसतं. ते नंतर जातं. "कारण आधी, पाणी मागून," त्या म्हणाल्या. "घाई करून त्याच दिवशी शोधायला गेलास तर सापडणार नाही."

नकाशे पुन्हा करायला त्यांनी मला वेळ दिला आणि ही चूक वरपर्यंत जाऊ दिली नाही. माझी नोकरी त्या दिवशी त्यांनी वाचवली असं मी मानतो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा ओसरीवर चार माणसं जमली होती. मी काय काम करतो हे मी जमेल तसं सांगितलं. शेजारच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समुद्र मोजून काय करून राहिले म्हनावं? इकायला काढलाय का सरकारनं?" सगळे हसले. आबाही हसले. मग बोलणं कापसाच्या बोंडअळीवर गेलं आणि माझा समुद्र तिथेच संपला.

माय हसली नव्हती. सगळे उठून गेल्यावर भांडी आवरता आवरता तिने मला हळूच विचारलं, "मंग आपलं धरन बी दिसतंय का रं तुला वरून? कवा किती उतरतंय ते?"

ती हे का विचारत होती ते मला ठाऊक होतं.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. माझ्या आधी मायला एक मुलगा झाला होता. चालायला लागायच्या आतच तो तापाने गेला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. जुन्या शिवारात, आमच्या शेताच्या बांधावर, एका चिंचेजवळ त्याला मातीआड केलं आणि वर एक धोंडा ठेवला. पुढे धरण आलं. लोकांनी घरांच्या चौकटी, पत्रे, तुळया काढून नव्या जागेवर आणल्या. देव वाजतगाजत वर आणले. तो तेवढा तिथेच राहिला.

दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठची गाळाची जमीन उघडी पडते. लोक तिच्यात टरबूज, काकडी, भुईमूग लावतात, त्याला गाळपेर म्हणतात. आमची मेंढरंही त्या ओल्या काठाने चरतात. पण आमचा बांध होता नदीच्या जुन्या पात्राशेजारी, पार खोलात. तिथवरचं पाणी एवढ्या वर्षांत कधी हटलं नव्हतं.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीचा करा पाण्याने भरून पूजतात. उन्हाळा असतो, गेलेल्यांना तहान लागलेली असते, अशी समजूत. आमच्या घरी आजोबांचा करा असायचा, आजीचा असायचा. तान्ह्या लेकराचा करा मांडत नाहीत. मी हिंगोलीला शिकत होतो तेव्हा एका आखितीला घरी आलो, तर मायने कुंभाराकडून एक करा जास्तीचा आणला होता. आबांनी तो पाहिला आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. माय म्हणाली की साऱ्यांला पाणी भेटतं, त्यालाच तेवढं भेटत नाही.

आबा उन्हातून मेंढरं घेऊन आले होते. ते चिडून बोलले का थकून, मला आजही सांगता येत नाही.

"त्याच्या डोक्यावर धरनभर पानी हाय," ते म्हणाले. "आनखी किती पाह्यजे त्याला?"

"ते सरकारचं पानी हाय. माझ्या हातचं न्हाई."

पूजा दोन कऱ्यांचीच झाली. तिसऱ्यात मायने पुढे मीठ ठेवायला सुरुवात केली आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मला मात्र तिने एकदा सांगितलं की घरात मांडून उपयोग नाही, द्यायचं तर त्याच्या जागेवर जाऊन द्यायचं. तिला दुसरं काही नको होतं. दागिना नको होता, तीर्थाला जायचं नव्हतं. औंढ्याला नागनाथाच्या यात्रेला गावातल्या बाया जीप करून जायच्या, तेव्हाही ती आग्रह केल्यावरच जायची. धरण एकदा तेवढं उतरावं आणि आपण जिवंत असताना उतरावं, एवढंच तिचं होतं.

आमच्या बोलण्यात उतार हा शब्द दोन ठिकाणी येतो. कुणाचा ताप कमी झाला की म्हणतात, उतार पडला. घरात तो शब्द आला की बाया सुस्कारा सोडतात आणि चूल पेटवतात. धरणाला उतार लागला असं मात्र कुणी म्हणालं की माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण मोटारीचे पाइप लांबवावे लागतात, ऊस वाळतो, पुढे प्यायच्या पाण्याची तकलीफ होते. माय धरणाचा उतार विचारायची तेव्हा तिचा आवाज पहिल्या उताराचा असायचा. आणि हे तिचं तिलाच कळत होतं. म्हणून चार माणसांत ती धरणाबद्दल कधीच बोलायची नाही. पाणी चढलं म्हणून गाव आनंदात असायचं, तेव्हा ती गप्प गोठ्यात जायची. एकदा शेजारणीने तिला सहज टोमणा मारला की तुमचं बरं आहे, धरण आटलं की तुमच्या मेंढरांना रान मिळतं. पुढे कित्येक दिवस माय त्या बाईसमोर गेली नाही. आपल्या मनातलं हिने ओळखलं, असं तिला वाटलं होतं. जे साऱ्या गावाला नको, ते आपल्याला हवंय, याची तिला लाज वाटत होती.

परत कामावर गेल्यावर मी एक वेडेपणा केला. उपग्रहाची एक वाट आमच्या भागाजवळून जाते हे मला नकाशावरून ठाऊक होतं. मी त्या वाटेचे आकडे उघडले. किनारा ओलांडला की सगळ्या रकान्यांत एकच खूण होती: जमीन. समुद्र मोजणाऱ्यांनी जमिनीवरून परतलेल्या लहरींचे आकडे आधीच बाजूला काढलेले असतात, कारण डोंगर, झाडं, घरं यांच्यावरून लहरी कशाही परत येतात. मी मॅडमना विचारून ते काढून टाकलेले आकडेही पाहिले. आमच्या धरणाच्या आसपास उपग्रहाला काय दिसलं, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. मोठी सरोवरं, रुंद नद्या असं काही तेव्हा लोक मोजायला लागले होते, पण आमचं धरण डोंगरांच्या फटीत शिरलेलं, वाकडंतिकडं. मॅडम म्हणाल्या, इथे आपल्या हाती काही लागणार नाही. मी फाइल बंद केली. मायला ज्या जागेवर वर्षानुवर्षं फक्त पाणीच दिसत होतं, ती आमच्या यंत्रात जमीन म्हणून वगळलेली होती.

त्या काळात मला माझ्या कामाबद्दल एक गोष्ट जाणवायला लागली. ऋतू शोधायचा म्हणजे वेगवेगळी वर्षं पुसायची. एखाद्या वर्षी पाणी फार खाली गेलं, तर ते इतर वर्षांत मिसळून टाकायचं, म्हणजे नेहमीचं काय ते दिसतं. हे काम मी मन लावून करत होतो आणि ते काम चांगलं आहे असं अजूनही मानतो. पण माय नेमकी त्या वर्षाची वाट पाहत होती जे मी दिवसभर पुसत होतो. नेहमीच्या उताराशी तिला काही घेणं नव्हतं. नेहमीच्या उताराने तिचा मुलगा पाण्याखालीच राहत होता.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. सोयाबीन वीतभर वाढून वाळली. घरून येणाऱ्या बातम्या चांगल्या नव्हत्या. आबांनी निम्मी मेंढरं विकली होती. चैत्रात एक दिवस संस्थेत माझ्यासाठी फोन आला. आबा वारंगा फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून बोलत होते. त्यांनी स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता, म्हणून मी घाबरलो.

त्यांनी आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाले, "तुझी माय विचारून राहिली, पानी अजून किती उतरंल म्हनून. आखितीला जायचं म्हनती." त्यांनी सांगितलं की चिंचेचं वाळकं खोड पाण्याच्या वर आलंय. लांबून दिसतंय. पाणी अजून कमरेएवढं असेल.

माय सोबत आली होती. दोघंही एसटीने एवढ्या लांब फक्त हे विचारायला आले होते.

मी त्यांना खरं ते सांगितलं, की आकाशातून मला आमचं धरण दिसत नाही. पण पाण्याची चाल मला आता थोडी कळत होती. आखितीला ऊन कडक असतं, वापर जोरात असतो, तरी धरण त्या दिवशी सगळ्यात खाली नसतं. ते त्यानंतरही काही आठवडे उतरत राहतं आणि तळ गाठतं ते मिरगाच्या तोंडावर, जूनच्या सुरुवातीला. मी म्हणालो, आखितीला गेलात तर पाण्याच्या काठावरूनच परत यावं लागेल. थांबा. मिरगाच्या आधी मी येतो, तेव्हा जाऊ.

यात धोका होता आणि तो आबांनी लगेच बोलून दाखवला. मध्येच वळवाचा एक मोठा पाऊस झाला तर धरण भरणार नाही, पण गाळ भिजेल. भिजलेल्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. मग ते खोड उघडं असूनही तिथवर जाता येणार नाही. आणि एवढा दुष्काळ पुन्हा कधी पडेल? पडावा असं तरी कोण म्हणेल?

फोन मायच्या हातात गेला. ती म्हणाली, "मिरगाला देल्यालं पानी आखितीचं म्हनून धरतेत का?"

मागून आबांचा आवाज ऐकू आला.

"त्याला काय आखिती कळती? लेकराला बसता येत नव्हतं धड. कवा बी दे, घेतंय ते."

माय रडली असावी. फोन तिथेच बंद झाला.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सल्ला मी दिला होता. वर वाशीमच्या बाजूला ढग जमल्याची बातमी पेपरात आली की माझं कामात लक्ष लागत नसे. आखिती आली आणि गेली. माय त्या दिवशी काठावर जाऊन उभी राहिली आणि पाणी अजून खोडाला वेढून आहे हे पाहून परत आली, असं मला नंतर कळलं. मॅडमकडे सुटी मागताना मी त्यांना कारण सांगितलं. त्यांनी अर्जावर सही केली आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस तसंच होईल बहुतेक. बहुतेक म्हणतेय, हे लक्षात ठेव."

मी पोचलो त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. माय नवं लुगडं नेसली होती आणि घरच्या विहिरीचं पाणी तिने स्टीलच्या कॅनमध्ये घेतलं होतं. धरणाचं पात्र एवढं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. गाळ वाळून त्याच्या मोठाल्या ढेपा झाल्या होत्या, त्यांच्या फटीत शिंपले अडकलेले होते. मध्येच मोटारीचे काळे पाइप एकाला एक जोडत लांबवर गेलेले. जुन्या गावातल्या घरांच्या पायांचे दगड ओळखू येत होते. आबा चालता चालता कुणाचं घर कुठे होतं ते सांगत होते. माय ऐकत नव्हती. ती पुढे चालत होती.

खोड कोरड्यात उभं होतं. पाणी त्याच्या पलीकडे, नदीच्या जुन्या पात्रात उतरलं होतं. तिथवर सगळं मी म्हणालो तसं झालं होतं. पण बांध नव्हता. धोंडाही नव्हता. इतक्या वर्षांच्या गाळाने सगळं एकसारखं सपाट केलं होतं, आणि त्या सपाटीवर काठाच्या तांड्यावरच्या एका जोडप्याने टरबुजाचे वेल लावले होते. ती बाई वेलांना पाणी घालत होती. तिने आम्हाला विचारलं की काय हरवलंय. मायने तिला दोन शब्दांत सांगितलं. बाईने हातातला डबा खाली ठेवला, वाकली आणि एकेक वेल उचलून बाजूला करायला लागली, म्हणजे आम्हाला पाय ठेवायला जागा होईल.

माय खोडाच्या उगवतीला चार पावलं गेली आणि म्हणाली, इथं. आबा मावळतीला उभे राहून म्हणाले, इथं न्हाई, बांध हिकडून होता. माय म्हणाली की खड्डा खणताना ती तिथे होती. आबा म्हणाले की खणला मी होता. दोघं वाद घालायला लागले, घरात घालतात तसाच, आवाज न चढवता, एकमेकांकडे न बघता. मी मध्ये उभा होतो. मी काही ठरवू शकत नव्हतो.

शेवटी मायने वाद सोडला. तिने कॅनचं झाकण काढलं, स्वतःच्या जागेवर बसली आणि ओंजळीने निम्मं पाणी घातलं. मग उठून आबांच्या जागेवर गेली आणि उरलेलं तिथे घातलं. गाळाच्या फटींनी ते लगेच आत ओढून घेतलं. आबांनी डोक्यावरचा फेटा काढला होता. त्यांनी हलकेच एक नाव घेतलं. त्या लेकराचं बारसं झालं होतं आणि त्याला नाव होतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

निघताना त्या बाईने मायला एक टरबूज देऊ केलं. मायने ते घेतलं नाही, पण तिच्या डोक्यावरून हात फिरवला. संध्याकाळी वारा सुटला आणि दोन दिवसांनी वळवाचा पाऊस झाला. गाळ भिजून गेला. मी तेव्हा परतीच्या एसटीत होतो.

तो पावसाळाही बेताचाच गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पाऊस चांगला झाला आणि धरण भरलं. तोवर गावात शेजारच्या दुकानात फोन आला होता. एका संध्याकाळी मायने दुकानदाराला सांगून तिथून मला फोन लावला. ती धरण पाहून आली होती. गावातल्या सगळ्या बाया गेल्या होत्या, ती त्यांच्याबरोबर गेली होती, आणि त्या शेजारणीच्या शेजारी उभी राहून तिने पाणी पाहिलं होतं. पाणी कुठल्या शेतापर्यंत आलंय, कुणाची मोटार बुडाली, कुणी नारळ फोडला, सगळं तिने मला सांगितलं. दुकानात माणसं बसलेली होती आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

मी विचारलं, पार भरलं का?

"व्हय, काठोकाठ," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता भरलेलं."

मग तिने विचारलं की मी जेवलो का, आणि आबांनी चार मेंढरं नवी घेतलीत हे सांगून फोन ठेवला.